उंच चालक आणि १९७१ची शेव्हरोले सी-१०: बैठकीच्या कामाच्या नोंदी

गाडी: १९७१ची शेव्हरोले सी-१०, लांब हौद्याची पिकअप. २५० क्युबिक इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. पॉवर स्टिअरिंग नाही. एकच सलग बाक, मूळचा.
मी: ६ फूट ४ इंच. धड बेताचं, पाय लांब.
ठिकाण: एडिसन, न्यू जर्सी. घराला जोडलेलं एका गाडीचं गॅरेज, त्यात हीटर नाही.

चाळीस मिनिटं चालवली की उजवी मांडी बधिर होते आणि कंबर धरते. क्लच दाबून पाय वर घेताना डावा गुडघा दर वेळी स्टिअरिंगला लागतो. ही गाडी मला विकायची नाही, रोज चालवायची आहे. म्हणून हे काम काढलं. माझ्यासारखा उंच माणूस अशी गाडी घेऊन बसला असेल तर त्याचे निदान दोन महिने वाचावेत, म्हणून चुकांसकट लिहून ठेवतो आहे.

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार

आज फक्त मापं घेतली. बाक शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवला. खरं तर शेवटची खाच लागतच नाही, कारण त्याआधीच बाकाची पाठ मागच्या पेट्रोलच्या टाकीला टेकते. या पिढीच्या गाड्यांत, म्हणजे १९७२पर्यंत, टाकी कॅबच्या, म्हणजे चालकाच्या केबिनच्या आत बाकामागे आडवी बसवलेली असते. कॅबच्या डाव्या बाजूला, दाराच्या मागे तिचं झाकण असतं.

मी बसलेलो असताना गादी आणि स्टिअरिंगची खालची कड यांत ६ इंच. माझी मांडी तिथे साडेसहा इंच जाड. डोकं ते छत अडीच इंच. डोकं ते मागची काच ९ इंच. दाराच्या चौकटीवरून ओळंबा सोडून कमरेच्या हाडाची जागा दारावर चिकटपट्टीने खुणावली. पुढच्या सगळ्या बदलांची तुलना याच खुणेशी केली. काम सुरू करणाऱ्याने ही खूण पहिल्या दिवशी करावी. नंतर आठवणीवर विसंबलं तर 'बरं वाटतंय' एवढंच हाती लागतं.

२१ आणि २२ ऑक्टोबर

पहिली चूक. गादी बसकी झालेली दिसत होती, म्हणून ४ इंच जाडीचा चांगला फोम आणला, १३८ डॉलर. जुनं कव्हर सोडवलं, कुजलेला कापूस काढला, फोम कापून बसवला, कव्हर कसंबसं ओढून लावलं. दोन दिवस गेले.

बसून पाहिलं तर बैठक २ इंचांनी उंच झालेली. डोकं छताला घासतं, गुडघा स्टिअरिंगखाली जातच नाही. क्लचवरचा पाय काढायला मांडी बाहेर फिरवावी लागते. गाडी होती त्याहून वाईट केली.

फोमबद्दल तेव्हा मला माहीत नव्हतं ते असं: घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एका घनफुटात किती पौंड माल आहे, आणि फोम किती वर्षं टिकेल ते त्यावर ठरतं. कडकपणा म्हणजे दाबल्यावर तो किती विरोध करतो. मी घनता बघून घेतला, पण तो मऊ निघाला. जाड आणि मऊ फोम उंच माणसाच्या काहीच कामाचा नाही. बसताना उंची खातो आणि तासाभरात खाली बसतो.

२९ ऑक्टोबर

बाबांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी कोल्हापूरहून मुंबईला गुळाचे ट्रक नेण्यात तीस वर्षं काढली. तेही सहा फुटी. मी फोमचं सांगत होतो, ते ऐकून घेत होते. मग एवढंच विचारलं, "मांडी टेकते का रे?"

टेकत नव्हती. बसून बघितलं तर गुडघ्यापासून जवळजवळ अर्ध्या मांडीपर्यंत खाली हात घालता येत होता. सगळं वजन बुडावर आणि कमरेवर. बाबा म्हणाले, "गादी जाड करून काही होत नाही. मी गोणपाटाची घट्ट वळी करून मांडीखाली सारायचो, घाट उतरताना पायाला आधार मिळायचा. आणि गादी मागे कलती पाहिजे. सपाट गादीवर माणूस पुढे घसरतो, मग कंबर वाकते."

त्याच संध्याकाळी टॉवेलची वळी करून मांडीखाली घातली आणि रूट २७ वरून अर्धा तास फिरलो. मांडी बधिर झाली नाही. गुडघा मात्र आणखी वर आला आणि स्टिअरिंगला जास्तच लागला. म्हणजे आधार हवा, कल हवा, आणि या दोन्हीला जागा करायची तर बूड मागे आणि खाली गेलं पाहिजे. मागे टाकी आहे. तिथून पुढचं सगळं काम ठरलं.

४ नोव्हेंबर

टाकीला हात लावायची भीती होती, म्हणून आधी दोन सोपे मार्ग तपासले.

पहिला, दुसरा बाक. बरेच जण १९८८ नंतरच्या शेव्हरोले पिकअपचा ६०/४० बाक, म्हणजे ६० आणि ४० टक्के अशा दोन भागांत विभागलेला, या कॅबमध्ये बसवतात. भंगाराच्या यार्डात जाऊन एक मोजला. बसायला छान, पण गादी जाड आणि पाठही जाड. मध्यम उंचीच्या माणसाला चालेल. माझी उंचीही जाणार होती आणि मागची जागाही. घेतला नाही.

दुसरा, लहान स्टिअरिंग. १५ इंचांचं चाक आणि ते जोडायचा तुकडा, १६५ डॉलर. गुडघ्याला इंचभर जागा मिळाली. पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत चाक लहान केलं की हाताला जोर दुप्पट वाटतो. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी वळवताना खांदा भरून आला. दोन आठवडे चालवून काढलं, ९० डॉलरला विकलं आणि मूळ चाक परत बसवलं.

२४ आणि २५ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगची सुट्टी

टाकी काढली.

हे गॅरेजमध्ये केलं नाही. आमच्या गॅरेजमध्ये गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बंब आहे आणि त्याची ज्योत सतत पेटलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर, उतार रस्त्याकडे. बॅटरीची तार आधी सोडली, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं. नऊ गॅलन पेट्रोल निघालं.

बाक चार बोल्टांवर असतो. तीन निघाले, मागचा उजवा गंजून एकजीव झालेला. पेट्रोल उघडं असताना ग्राइंडरची ठिणगी नको, म्हणून तो तेल सोडून, पान्ह्याला पाइप लावून हाताने फिरवला. अडीच तास गेले. टाकी स्वतः पाऊण तासात बाहेर आली.

टाकी आणि बाक यांच्यामध्ये पुठ्ठ्यासारखं अस्तर आणि पन्नास वर्षांची धूळ. माणूस आणि पेट्रोल यांच्यात एवढंच होतं. कॅबमध्ये कायम येणारा मंद वास कुठून यायचा तेही कळलं: भरायच्या नळीचं रबर तडकलेलं होतं. बैठकीचा प्रश्न नसता तरी ही टाकी काढायला हवी होती, असं आता वाटतं.

रिकामा बाक परत ठेवून मागे ढकलून पाहिला. मागे ८ इंच मोकळे.

९ डिसेंबर

टाकी निघाल्यावर मॅट उचलली. मागच्या उजव्या बोल्टाभोवती जमीन कुजलेली, स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. याच पत्र्यावर बाक उभा होता. हाताच्या पंजाएवढा भाग कापून काढला. शेजाऱ्यांकडे वेल्डिंगचं यंत्र आहे, त्यांनी पत्रा जोडून दिला. खर्च ३५ डॉलर, शिवाय घासायच्या चकत्यांना ४०. दोन आठवडे यातच गेले. ज्यांच्या गाडीने बर्फातल्या मिठाचे हिवाळे काढले आहेत त्यांनी हा वेळ आधीच धरून ठेवावा.

६ ते २८ जानेवारी २०२४

नवी टाकी. शेव्हरोलेने १९७३पासून टाक्या कॅबबाहेर नेल्या, पण चासीच्या पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला लावल्या, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींवरून पुढे मोठा वाद झाला. म्हणून मी दोन पट्ट्यांच्या मध्ये, मागच्या आसाच्या मागे, स्टेपनीच्या जागी टाकी बसवायचं ठरवलं. तिथे शेव्हरोलेच्याच ब्लेझर या गाडीची टाकी बसवण्याचा रिवाज जुना आहे. टाकी, पट्टे आणि पातळी मोजणारा भाग मिळून ४१२ डॉलर. स्टेपनी आता हौद्यात आडवी असते.

भरायचं तोंड हौद्याच्या डाव्या भिंतीत, छोट्या दाराआड काढलं. नळी, तोंड आणि क्लँप ९६ डॉलर. इथलं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं, म्हणून नळी घेताना तिच्यावर छापलेला दर्जा वाचून घेतला. साधी जुनी नळी आतून फुगते आणि भुगा सोडते.

कॅबवरचं जुनं झाकण दिसायला सुंदर आहे, तसंच ठेवायची इच्छा होती. पण न्यू जर्सीत १९४९पासून कायद्याने स्वतः पेट्रोल भरता येत नाही, पंपावरचा माणूसच भरतो. तो सवयीने कॅबवरचं झाकण उघडणार आणि नळी थेट माझ्या पाठीमागे मोकळ्या जागेत सोडणार. झाकणामागे पत्रा वेल्ड करून भोक कायमचं बंद केलं आणि झाकणही आतून पक्कं केलं. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनीही हे करावं. गाडी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात असेल.

३ ते १८ फेब्रुवारी

तीन दोष, तीन शनिवार-रविवार.

पहिला: काटा 'पूर्ण'च्याही पुढे जाऊन बसला, टाकीत चार गॅलन असताना. या गाड्यांत पातळी मोजणाऱ्या भागाचा विजेला होणारा रोध शून्य ओहम म्हणजे टाकी रिकामी, नव्वद म्हणजे भरलेली, आणि सर्किट तुटलं की काटा पलीकडे जातो. म्हणजे अर्थिंगची तार लागलेली नव्हती. टाकीवर मीच जाड रंग मारला होता. रंग खरवडून तार थेट चासीला जोडली, काटा जागेवर आला. दहा मिनिटांचं काम, शोधायला पूर्ण शनिवार.

दुसरा: पंपावर पेट्रोल भरताना नळी दर पाच-सहा सेकंदांनी टक करून बंद पडायची. भरणाऱ्या मुलाने पंधरा मिनिटं धीराने उभं राहून भरलं. टाकीतली हवा बाहेर जायची बारीक नळी मध्येच झोल खाऊन खाली आली होती. त्या झोलात पेट्रोल साचायचं आणि हवा अडायची. नळी टाकीपासून तोंडापर्यंत सतत चढती बांधली, दोष गेला.

तिसरा सर्वांत त्रासदायक. रात्रभर उभी राहिली की सकाळी इंजिन लागायला दोन मिनिटं. कुठे थेंब नाही, वास नाही. मी कार्ब्युरेटर उघडला, काहीच नव्हतं. मग लक्षात आलं की या इंजिनाचा पंप पुढे इंजिनावर आहे आणि तो मागून पेट्रोल ओढून आणतो. ओढणाऱ्या बाजूला फट असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि रात्रीत नळी रिकामी होते. टाकीजवळचा एक क्लँप पाऊण फेरी सैल होता. तेवढाच.

२ ते १६ मार्च

आता खरं काम, बैठक. मूळचे लोखंडी पाय काढून, पुसून, नावाची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवले. जुन्या गाडीचा मूळ भाग कापायचा नाही हे पहिल्यापासून ठरवलं होतं. नवे पाय स्वतः केले. मागचे पाय पुढच्यांपेक्षा १ इंच बुटके, म्हणजे गादी मागे कलती. सगळा बाक अडीच इंच मागे.

पहिल्यांदा पाय आणि रूळ यांच्यामध्ये ३ मिलिमीटरची पट्टी वापरली. जोरात ब्रेक दाबल्यावर बाक पुढे झुलला. पट्टी वाकत होती. त्या दिवशी रस्त्यावर कोणी मध्ये आलं असतं तर, हा विचार रात्रभर डोक्यात होता. सगळं काढून ६ मिलिमीटरची, २ इंच रुंद पट्टी घातली. बोल्ट ग्रेड ८ चे, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचे, आणि जमिनीखालून रुंद लोखंडी तुकडे, म्हणजे भार पातळ पत्र्यावर येत नाही. ५८ डॉलर. इथे काटकसर करू नये.

मापं: गादी ते स्टिअरिंगची खालची कड आता साडेसात इंच. कमरेची खूण अडीच इंच मागे, पाऊण इंच खाली. क्लच दाबून पाय सरळ वर आला आणि कशालाही लागला नाही. मी गॅरेजमध्ये गाडी बंद ठेवूनच वीस-पंचवीस वेळा क्लच दाबला.

मग बायकोला बसवलं. ती ५ फूट ३ इंच. बाक एकसंध, दोघांचा मिळून एकच सरकतो. सर्वांत पुढे घेऊनही ती म्हणाली, "अरे, माझा क्लच अर्ध्यावरच राहतोय." अडीच इंच मागे नेले तर पुढचेही अडीच इंच गेले, हे मी धरलंच नव्हतं. गाडी दोघांची आहे. नव्या पायांवर दीड इंच पुढे भोकांची दुसरी जोडी पाडली, पण दर वेळी चार बोल्ट कोण फिरवणार? शेवटी तिच्या मापाची ३ इंच जाड, कडक पाठ-उशी केली, मागून दोन पट्ट्यांनी बाकाला बांधली जाणारी. कापड तिनेच निवडलं. आता तिचा क्लच पूर्ण जातो. ती चालवते तेव्हा मी शेजारी गुडघे डॅशबोर्डला लावून बसतो, याला उपाय नाही.

२३ मार्च

पट्टे, म्हणजे सीट बेल्ट. मूळचे फक्त कमरेचे होते. बाक मागे गेल्यावर कमरेच्या पट्ट्याचा कोन बदलला, पट्टा फार उभा येऊ लागला. तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर किंवा मांडीवर नाही. तीन टोकांचे गुंडाळी पट्टे घेतले, २१० डॉलर. जमिनीतली टोकं मागे नेली, खालून जाड तुकडे लावले. दाराच्या मागच्या खांबावर वरचं टोक घरी लावायचं धाडस केलं नाही. वेल्डिंगच्या दुकानात आतून तुकडा जोडून घेतला, १५० डॉलर. उंच माणसाला वरचं टोक खांद्याच्या खाली येता कामा नये, तसं झालं तर धडकेत पट्टा पाठीचा कणा खाली दाबतो. दुकानात मी स्वतः बसून जागा दाखवली.

६ आणि ७ एप्रिल

आता फोम. तो शेवटी करायचा असतो आणि मी तो सगळ्यात आधी केला होता.

कव्हर काढलं, ऑक्टोबरचा फोम फेकला. डाव्या बाजूची एक स्प्रिंग तुटलेली निघाली. मी नेहमी डावीकडे का झुकत होतो त्याचं कारण हेच. ऑक्टोबरात फोमच्या घाईत खाली पाहिलंच नव्हतं. स्प्रिंग जोडली, वर जाड गोणपाट ताणून बांधलं म्हणजे स्प्रिंग फोम कापत नाही. त्यावर २ इंच कडक फोम. पुढच्या कडेला, गुडघ्याच्या चार बोटं मागून सुरू होणारी, आणखी कडक फोमची पाचर: कडेला सव्वा इंच, मागे शून्यावर येणारी. पाठीत पँटच्या पट्ट्याच्या उंचीवर १ इंच जाड फोमची चकती. सगळ्यावर पातळ पॉलिस्टर कापूस. माल १२४ डॉलर. फोम कापायला ब्रेडची विजेची सुरी सर्वांत चांगली.

कव्हर चढवताना घाई झाली. सकाळी गॅरेजमध्ये थंडी होती, रेग्झिन ताठर झालेलं. ओढलं आणि पुढची शिवण हातभर उसवली. शिवून आणायला ८० डॉलर आणि सहा दिवस. परत आल्यावर उन्हात दोन तास पसरून ठेवलं, मग चढवलं. मेणासारखं बसलं.

४ मे

एडिसनहून डेलावेअर वॉटर गॅपपर्यंत गेलो, जाताना दीड तास, मध्ये न थांबता. मांडी बधिर झाली नाही. कंबर ठीक. उजव्या टाचेला थोडा ताण आला, कारण आता पाय जास्त सरळ आहे आणि ॲक्सिलरेटरचा पेडल तिरपा पडतो. पेडलखाली तुकडा घालून पाहीन.

खर्च: एकूण १,४१८ डॉलर, स्टिअरिंगचे परत आलेले पैसे वजा करून. त्यातले २९३ चुकांचे: पहिला फोम, स्टिअरिंग, उसवलेली शिवण. तास अंदाजे ९५, त्यातले निम्मे टाकीवर.

एक गोष्ट सुटलेली नाही. डोकं ते काच आता ६ इंचच. बाकाची पाठ बुटकी, मानेला मागे काहीच नाही. अमेरिकेत मोटारींना डोक्याच्या आधाराची सक्ती १९६९पासून आहे, पण हलक्या ट्रकना ती १९९१मध्ये लागू झाली, त्यामुळे अशा गाडीत तो मुळात नसतो. मागून धडक बसली तर डोकं थेट काचेकडेच जाईल. बाकाच्या सांगाड्याला दोन नळ्या वेल्ड करून आधार बसवायचा विचार आहे. पण सांगाड्याचा पत्रा तेवढा भार घेईल का, हे पाठीचं कव्हर उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ते पुढच्या शनिवारी उघडतो. तोवर महामार्गावर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून आणि मागच्या आरशावर नजर ठेवून चालवतो आहे.

बाबांना वॉटर गॅपवरून फोन केला. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी हो म्हणालो.